अल्सरसाठी पोट कापून वीस वर्षं झाली असतील तर काही दुखत नसलं तरी दुर्बीण करा

नाशिकरोडकर:
वडिलांचं 1984 ला अल्सरचं ऑपरेशन झालं, रक्त जायचं थांबेना म्हणून निम्म्याहून जास्त पोट काढलं. तेव्हा पुष्कळदा असंच करायचे. अल्सरमागे जंतू असतो हे मार्शल आणि वॉरेन या डॉक्टरांनी त्याच सुमारास मांडलं आणि नोबेल मिळालं 2005 ला, म्हणजे आता दोन आठवड्यांच्या गोळ्यांनी जे बरं होतं त्यासाठी पप्पांच्या पोटावर छातीपासून बेंबीपर्यंत टाक्यांची पांढरी रेघ आहे. चाळीस वर्षं थोडं थोडं जेवले, गोड शिरा खाल्ला की घाम फुटायचा, धडधडायचं, मग पडून राहायचे. मागच्या दिवाळीनंतर जेवणच जाईना, पँटला नवीन भोक पाडावं लागलं आणि आठ महिने आम्हाला फक्त ॲसिडिटीच्या गोळ्या मिळाल्या. जुन्या ऑपरेशनबद्दल कोणी एका शब्दाने विचारलं नाही. हिमोग्लोबिन 7 वर आलं तेव्हा दुर्बीण टाकली, उरलेल्या पोटाला आतडं जोडलंय बरोबर तिथेच गाठ. याला स्टम्प कॅन्सर म्हणतात, 1922 पासून डॉक्टरांना माहीत आहे, मग पेशंटला का सांगत नाहीत? माझं म्हणणं, पंधरा-वीस वर्षं झाली की प्रत्येकाने दुर्बीण केलीच पाहिजे.

निफाडचा बागाईतदार:
दादा तुमच्या वडिलांचं वाचून वाईट वाटलं पण "प्रत्येकाने" हे मला पटत नाही. माझे चुलते 78 वर्षांचे, ऑपरेशन 79 सालचं, अजून छाटणीला बागेत उभे असतात. असं ऑपरेशन झालेल्या बहुतेकांना हा कॅन्सर होतच नाही. समजा सापडला तरी या वयात परत पोट उघडायचं, आत सगळं चिकटलेलं असतं, सर्जनलाही ते जड जातं. धडधाकट माणसाला उपाशी ठेवून नाशिकला न्यायचं, घशातून नळी घालायची, कशासाठी?

नाशिकरोडकर:
भाऊ पप्पा पण धडधाकटच होते, तेच तर सांगतोय. त्रास सुरू झाला तेव्हा उशीर झाला होता.

सिडकोची ताई:
चौदा वर्षं एन्डोस्कोपी रूममध्ये सिस्टर आहे म्हणून लिहिते. आधी जुना कागद शोधा. त्या काळात आपल्याकडे पुष्कळ जणांचं पोट काढलेलंच नाही, नस कापून आतडं जोडून नुसती दुसरी वाट केलीय, आणि घरचे मात्र "पोट काढलं" असंच सांगतात. पोट काढून आतडं जोडलं की पित्त उलटं पोटात येतं, आम्ल कमी झाल्याने जंतू वाढतात, वर्षानुवर्षं अस्तर सुजलेलं राहतं, त्यातून होतं हे. म्हणून पहिली काही वर्षं धोका वाढलेला दिसत नाही, पंधरा-वीस वर्षांनी वर जातो. दुर्बिणीच्या वेळी फॉर्मवर ऑपरेशनचं साल मोठ्या अक्षरात लिहा, जोडाजवळचे तुकडे घ्यायला सांगा, नुसतं लाल दिसतं म्हणून सोडून देऊ नका. आणि यांना बी12, लोह कमी पडतंच, त्यामुळे हिमोग्लोबिन उतरलं की सगळे "जुनंच आहे" म्हणतात, तिथेच फसतं.

पंचवटीकर:
मी निफाडच्या भाऊंच्या बाजूने. आईची तीन वर्षांत तीनदा दुर्बीण झाली, दर वेळी तुकडा तपासायला, दर वेळी रिपोर्ट येईपर्यंत घरात कोणी नीट जेवत नव्हतं. निघालं काय तर सूज. आईने चौथ्या वेळी नाही म्हटलं आणि मी तिला आग्रह केला नाही. दरवर्षी करा असं सांगताना त्या दहा दिवसांचा पण विचार करा.

नाशिकरोडकर:
दरवर्षी करा असं मी कुठे म्हटलं पंचवटीकर? एकदा तरी करा, आणि वजन उतरलं, भूक गेली, शी काळी झाली तर गोळ्यांवर आठवडेच्या आठवडे काढू नका. आग्रह केला नाही हे तुमचं बरोबर, त्यांचं शरीर आहे. पण आम्हाला तर कोणी विचारलंच नाही हो, पप्पांना नाही म्हणायची संधी पण मिळाली नाही.

निफाडचा बागाईतदार:
हे मात्र खरंय. चुलत्यांची पत्र्याची पेटी आहे, त्यात सातबाऱ्याबरोबर दवाखान्याचे कागद असतात, रविवारी उघडतो आणि त्यांनाच वाचून दाखवतो. दुर्बीण ते हो म्हणाले तरच. वजन मात्र सोसायटीच्या काट्यावर दर महिन्याला करणार, एवढं आजच ठरवलं.