भिंतीवरचा गवा आणि इतर मुंडकी (अनुभव धागा)

आबोलीवेणी
चतुर्थीआधीची रंगरंगोटी चालू आहे. पेंटर म्हणाला हॉलची भिंत मोकळी करा. फोटो, घड्याळ, कॅलेंडर उतरवलं आणि शेवटी गव्याला हात घातला. फेल्टच्या कापडाचा गवा, नुसती मान आणि डोकं, शिंगांसकट. बारा वर्षं तिथे होता. खाली घेतला तर डाव्या कानाची चाळण झालेली. कसर. उजवा कानही अर्धा गेलेला. डोकं मात्र धडधाकट, एक भोक नाही. तिथेच स्टुलावर बसून राहिले.

मुलगा तेव्हा पहिलीत होता. शाळेत नुकताच गोव्याचा राज्यप्राणी म्हणून गवा शिकवला होता, आणि त्याच रविवारी आम्ही सत्तरी तालुक्यात सासऱ्यांच्या मूळ घरी गेलो. ओसरीवर पणजोबांच्या वेळची गव्याची खरी शिंगं, फळीवर ठोकलेली. पोरगा त्यांच्याखाली जेवायला बसेना. "याचं तोंड कुठे गेलं?" म्हणून भोकाड. घरी आल्यावर हुकूम सुटला, तू तोंड करून दे.

मग काय, कागदावर बाजूने दिसणारं तोंड काढलं, त्यावरून दोन तुकडे कापले आणि कडा जोडून कापूस भरला. गवा नव्हे, पापलेट झालं. उसवलं. नाकापासून कपाळावरून मानेपर्यंत जाणारी मधली पट्टी घातली तेव्हा कुठे त्याला कपाळ आलं. जून महिना, संध्याकाळ झाली की लाइट जायची. काळपट फेल्ट, काळा दोरा आणि मेणबत्ती. ज्यांनी केलंय त्यांना वेगळं सांगायला नको. तिसऱ्या दिवशी वैतागून राखाडी दोरा घेतला, टाके दिसले तर दिसले.

तुम्ही कुणी अशी मुंडकी हाताने शिवली असतील तर लिहा. हरीण, हत्ती, ससा, काहीही. बिघडलेली आधी लिहा. आणि कसरीने फक्त कानच का खाल्ले, हे कुणाला कळत असेल तर तेही सांगा.

सुंगटांची कढी
फोटो टाक आधी!!

पोदेराची घंटा
मी जिराफ केला होता. मान दोन फूट. टांगला, दुसऱ्या दिवशी बघते तर मान पुढे वाकलेली, खाली पोदेर (पाववाला) आलाय का बघत असल्यासारखी. आत जुन्या उशीतला सावरीचा कापूस होता, तो दबला. मग सगळं उसवून रिक्रॉन (पॉलिस्टरचा कापूस) भरलं. ते पण नाकापासून थोडं थोडं ठासत यायचं असतं, एकदम मूठभर कोंबलं की आत गोळे होतात आणि जिराफाला गालगुंड झाल्यासारखं दिसतं. शेवटी मानेत पीव्हीसी पाइप घातला. नवरा प्लंबिंगचं काम करतो, कधीतरी उपयोग व्हायलाच हवा.

दोन डावे
मी हरणाच्या दोन्ही बाजू डाव्याच कापल्या. रात्री अकराला लक्षात आलं. चक्क रडले. दुसऱ्या दिवशी शुक्रवार, म्हापशाचा बाजार, पाय ठेवायला जागा नाही, त्यात मी दोन शीटसाठी फिरतेय. फेल्ट मिळालं, मिरच्या घेतल्या, केळी घेतली, दोरा विसरले.

सुईदोरा
@दोन डावे, अगं फेल्टला उलट-सुलट कुठे असतं? ते विणलेलं कापड नव्हे, तंतू एकमेकांत गुंतवून दाबलेलं असतं. म्हणून तर कापलं तरी कडेचे दोरे सुटत नाहीत आणि कड दुमडावी लागत नाही. एक डावा पालथा करायचा, झाला उजवा.

दोन डावे
……………
हे तुम्ही मला सहा वर्षांनी सांगताय.

पोदेराची घंटा
😂😂 मेले

मडगावची बाय
बॉलपेनने खुणा केल्या असल्या तर मात्र पालथा घालून भागत नाही हो. माझ्या हत्तीच्या एका गालावर अजून निळी रेघ आहे. येणाऱ्यांना सांगते, शीर आहे.

शाळेत आम्हाला शिवणाच्या तासाला सिस्टर काजटाका शिकवायच्या. दोन टाक्यांतलं अंतर पट्टीने मोजायच्या, खरंच. कमी-जास्त झालं की "उसव". तेव्हा इतका राग यायचा! पण फेल्टच्या कडेला काजटाकाच शोभतो. लडीच्या सहा पदरांतले दोन किंवा तीनच घ्यावेत, सगळे सहा घेतले तर दोरखंड दिसतो. आणि कोपऱ्यावर एकाच भोकातून तीन टाके काढायचे, नाहीतर नाकाचा शेंडा उघडा पडतो.

वाळपईचा वाटसरू
शिवणातलं मला शून्य कळतं, बायकोने केलेला बैल टांगायचं काम माझ्याकडे होतं. आमचं घर चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं. खिळा ठोकला की लाल पीठ गळतं आणि खिळा हातात. तीन भोकं पाडली, तिसऱ्यात लाकडी गुट्टी बसवून स्क्रू पिळला तेव्हा बैल स्थिर. पहिली दोन भोकं आता बैलाच्या हनुवटीखाली लपलेली आहेत. बायकोला वाटतं मी मुद्दाम तेवढ्या उंचीवर लावला.

मांडवीकाठ
चिऱ्याच्या भिंतीला पावसात ओल येते, त्यामुळे मागचा पुठ्ठा फुगतो. माझ्या कोल्ह्याच्या मागे हिरवी बुरशी आली होती. आता प्लायवूडची गोल चकती घेतली आणि मागे बाटलीची बुचं अर्धी कापून चिकटवली, चार. मधून हवा खेळते. बुचं कुठल्या बाटलीची ते विचारू नये.

सुंगटांची कढी
गोव्यात हे कोण विचारतंय

तारवटी
सध्या जहाजावर आहे, नेट येईल तसं लिहितो. लेकीच्या वाढदिवसाला घरी नव्हतो म्हणून केबिनमध्ये बसून वाघ शिवला. नारंगी फेल्ट सुट्टीवरून येतानाच आणलं होतं. डोळ्यांशी अडलो. बटणं नुसती वर शिवली तर वाघ घाबरलेला दिसायचा. बोसनने (आमचा खलाशांचा मुकादम) त्याचं लांब दाभण दिलं. एका डोळ्यातून आरपार दुसऱ्या डोळ्यात, परत मागे, आणि दोरा ओढून गाठ. डोळे आत गेले, खोबणी झाल्या, वाघ एकदम रागीट. बोसन म्हणाला आता हा आपल्या चीफ इंजिनिअरसारखा दिसतो. तो निरोप मी घरी कळवलेला नाही.

आबोलीवेणी
@तारवटी, हा डोळ्यांचा प्रकार मला बारा वर्षांपूर्वी हवा होता. माझ्या गव्याचे डोळे वर आलेत. कायम कुणीतरी उधार मागायला आल्यासारखा बघतो.

साखळीची सून
आमच्याकडे सासूबाईंनी हॉलमध्ये लावूच दिलं नाही. "मुंडकं घरात नको, धड असेल तर लाव." आता धड कुठून आणू? मी म्हटलं खोटं आहे, कापड आहे. "मग खोटं धड लाव." तीन दिवस अबोला. शेवटी धाकट्याने आजीला विचारलं, याचं बाकीचं कुठे आहे? तर म्हणाल्या, नेत्रावळीच्या रानात चरायला गेलंय, संध्याकाळी येईल. त्या दिवसापासून सांबर हॉलमध्ये आहे, आणि दिवेलागणीला सासूबाईच दार उघडं ठेवायला सांगतात.

पोदेराची घंटा
सासूबाईंना दंडवत 🙏

डिचोलीकर
विषय निघालाच आहे म्हणून. @आबोलीवेणी, ओसरीवरची ती खरी शिंगं आहेत अजून? त्यांचे कागद आहेत का बघून घ्या. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने असल्या वस्तू घरात ठेवायच्या तर मालकीचा दाखला लागतो, आणि गवा अनुसूची एकमध्ये आहे, म्हणजे सगळ्यात कडक. पणजोबांनी मारला असला तरी. आमच्या नात्यात एका घरी वाटणीच्या वेळी हा प्रश्न आला आणि ज्याला ज्याला शिंगं हवी होती त्याला त्याला अचानक ती नकोशी झाली.

आबोलीवेणी
बाप रे. दिरांना विचारते. शिंगं त्यांच्याकडे आहेत.

सुंगटांची कढी
म्हणजे कापडाचा गवा बरा. ना दाखला, ना वाटणी.

नरकासूर नंबर वन
मुंडक्यांचा धागा आणि नरकासुराचं नाव नाही? आमच्या वाड्यावर दिवाळीला जाळतात त्या नरकासुराचं तोंड मी सलग नऊ वर्षं केलं. कागदाचा लगदा, मैद्याची खळ. बायकोने फेल्टचा रेडा करायला घेतला तेव्हा शिंगं उभी राहीनात, मी म्हटलं आण इकडे. तार वाकवून वर वर्तमानपत्र गुंडाळलं, त्यावर फेल्टची पट्टी तिरकी गुंडाळत नेली. झकास. फक्त नरकासुराच्या मापाची झाली. रेडा केवढा, शिंगं केवढी. दारातून आत जाईना.

मडगावची बाय
यंदा तुमच्याकडे स्पर्धा आहे का हो? आमच्याकडची मुलं आतापासून वर्गणी मागतायत, अजून चतुर्थी व्हायचीय.

नरकासूर नंबर वन
आहे ना. पावती पाठवू?

मडगावची बाय
नको, विसरा मी विचारलं ते.

रसायनवाली बाई
उशिरा वाचते आहे. @आबोलीवेणी, कान आणि डोकं एकाच फेल्टचं होतं का?

आबोलीवेणी
थांबा… नाही! डोक्याचं फेल्ट इथल्या स्टेशनरीतलं, ए-फोरच्या मापाची शीट असतात ती. कान नणंदेने लिस्बनहून आणलेल्या तुकड्याचे. छान मऊ होतं म्हणून मुद्दाम कानांना ठेवलं होतं.

रसायनवाली बाई
तिथेच उत्तर आहे. कान लोकरीचे असणार. कसर म्हणतो ती खरं तर पतंगाची अळी. लोकर, केस, पिसं यांत केराटिन असतं, ते तिला पचतं. स्टेशनरीतलं फेल्ट बहुतेक वेळा ॲक्रिलिक किंवा पॉलिस्टर, ते तिच्या दृष्टीने प्लास्टिक. खात्री करायची तर कानाचा एक तंतू चिमट्यात धरून जाळा. केस जळल्याचा वास आणि बोटात चुरडणारी राख म्हणजे लोकर. वितळून कडक मणी झाला तर कृत्रिम. सिंकजवळ करा, पडद्याजवळ नको.

आबोलीवेणी
जाळला. केसांचा वास! डोक्याच्या कडेचा तंतूही जाळला, त्याचा मणी झाला. म्हणजे चांगल्यातलं होतं तेच गेलं आणि दहा रुपयांचं राहिलं. आता उरलेल्या कानात अळ्या असतील?

रसायनवाली बाई
अंडी असू शकतात. कान काढून प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा आणि दोन आठवडे फ्रीजरमध्ये ठेवा. उन्हात घालणंही चालतं, पण आत्ता ऊन कुठून आणणार.

आबोलीवेणी
श्रावण आहे, फ्रीजर रिकामाच आहे. एरवी बांगडा माशांशेजारी कान ठेवावे लागले असते.

साखळीची सून
श्रावणात फ्रीजरमध्ये जनावराचे कान. माझ्या सासूबाईंना हा धागा दाखवणार नाही.

काणकोणी
आईला पक्षाघाताचा झटका आल्यावर उजव्या हाताची बोटं वळेनात. थेरपीवाल्या ताईंनी सांगितलं बोटांना काम द्या. आई आयुष्यभर भरतकाम करणारी, म्हणून फेल्टचा ससा काढला, नुसतं तोंड आणि दोन लांब कान. सुईत दोरा ओवणं तिला जमायचं नाही. मी ड्युटीवर जाण्याआधी दहा सुया ओवून सोफ्याच्या हातावर टोचून जायचो. संध्याकाळी येऊन मोजायचो, किती रिकाम्या झाल्या. पहिल्या आठवड्यात एक, मग दोन. एक दिवस सहा. डाव्या कानाचे टाके कुठे बोटभर, कुठे एकावर एक. गुलाबी अस्तरातून आतलं कडक बकरमचं कापड दिसतं.
उजवा कान मी शिवला. नंतर.

मडगावची बाय
🙏

दोन डावे
काय लिहावं कळत नाही. तो कान तसाच ठेवा हं.

तारवटी
काणकोणी भाऊ, सुट्टीवर आलो की भेटू. आमचं आगोंद, लांब नाही.

काणकोणी
या की. ससा हॉलमध्येच आहे. डांबरगोळ्या ठेवल्यात मागे, बाईंचं वाचून आता जरा काळजी वाटते. कान लोकरीचे नाहीत ना ते जाळून बघायचं धाडस नाही.

रसायनवाली बाई
जाळू नका. अधूनमधून काढून मऊ ब्रशने झटका, तेवढं पुरे. अळीला हात लागलेली जागा आवडत नाही, ती न हललेल्या कोपऱ्यातच शिरते. आणि डांबरगोळ्या शक्यतो हॉलमध्ये उघड्यावर नकोत, वास श्वासात जातो.

वाळपईचा वाटसरू
म्हणजे बारा वर्षांत आबोलीवेणीताईंनी गवा एकदाही झटकला नाही असा अर्थ निघतो. हलके घ्या.

आबोलीवेणी
वाटसरू, तुमच्या बैलाच्या हनुवटीखालची भोकं वहिनींना दाखवू का?

वाळपईचा वाटसरू
धागा छान आहे ताई, पुढे चालू द्या.

पेडण्याची माई
मडगावात फेल्ट कुठे मिळतं? नातवाला शाळेत हत्ती न्यायचाय, सोमवारी. आज शनिवार.

मडगावची बाय
माई, न्यू मार्केटात आत शिरा, लेस-बटणांच्या दुकानांत विचारा. जाड कडक शीट देतील, ते घेऊ नका, सुई जात नाही आणि वाकवलं की चीर पडते. मऊ मागा. पण पेडण्याहून मडगाव कशाला, म्हापसा जवळ नाही का तुम्हाला?

पेडण्याची माई
लेक मडगावात असते. तीच आणणार, मी सांगणार, शिवणार पण मीच. नातू नाव लिहिणार.

सुईदोरा
माई, दोन दिवसांत हत्ती नको, सोंडेतच रविवार जाईल. पट्टी वळवून वळवून शिवावी लागते. उंदीर करा, चतुर्थीला चालेल.

आबोलीवेणी
भिंत वाळली. स्टेशनरीतलंच फेल्ट आणून काल रात्री नवे कान लावले, पायाशी चिमटून, आत बकरम. रंग जुळला नाही, डोकं बारा वर्षांत विटलंय, कान कोरे करकरीत. डोळे पण उसवून दाभणाने आत ओढले. आता उधार मागायला आल्यासारखा दिसत नाही, वसुलीला आल्यासारखा दिसतो. मुलाला फोटो पाठवला, हॉस्टेलवरून तासाने उत्तर आलं: "भाटकाराचे कान कुणी बदलले?"

सुंगटांची कढी
भाटकार???? म्हणजे जमीनदार????

आबोलीवेणी
त्याचं नाव. मलाही कालच कळलं.