खिल्लार खोंडाच्या टाळूवर तांबूस रंग: भेसळ समजावी का?

प्रश्न – सांगोलेकर
आमच्या पांढऱ्याशुभ्र खिल्लार गाईला गेल्या महिन्यात खोंड झाला. वळूही खिल्लारच होता, तरी वासराच्या टाळूवर दोन्ही कानांच्या मधोमध विटकरी रंगाचा ठसठशीत डाग आहे. बघायला आलेल्या व्यापाऱ्याने ‘यात भेसळ आहे’ म्हणून निम्म्याने भाव पाडला. जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर – माणदेशी
एवढ्यावरून विकू नका. खिल्लार वासराच्या टाळूवर जन्मतः तांबूस रंग असतो आणि तो दोन-तीन महिन्यांत आपोआप जातो. आमच्या कालवडीच्या टाळूवर दसऱ्याला असाच डाग होता, संक्रांतीला तो शोधूनही सापडला नाही. व्यापाऱ्याला हे ठाऊक नसेल, असे मला तरी वाटत नाही.

उत्तर – गोठ्यावरचा डॉक्टर
वरील माहिती बरोबर आहे. पुढेही रंग बदलेल, तेव्हा पुन्हा घाबरू नये. खोंड वयात आला की नर संप्रेरकामुळे त्याची मान, खांदे आणि मांड्या धुरकट होतात, चेहऱ्यावर करडे-पांढरे ठिपके उमटतात. खच्ची केल्यावर तोच बैल पुन्हा उजळ दिसू लागतो. शिवाय खिल्लारमध्येही प्रकार आहेत: तापीकडच्या खिल्लारचे नाक व खूर गाजरी असतात, तर ‘नकली’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रकारात पुढच्या अंगावर विटकरी झाक मोठेपणीही राहते. भेसळीची शंका असेल तर बांधा पाहावा. जर्सीचे रक्त असेल तर वशिंड नीट उभे राहत नाही. खिल्लारचा चेहरा लांबट व अरुंद, कातडी अंगाला घट्ट आणि शिंगे बुडाशी जवळजवळ असून मागे वळत गेलेली असतात, अर्थात शिंगांसाठी अजून बरेच थांबावे लागेल.

उत्तर – उदगीरकर
रंगाचा नियम जातीगणिक वेगळा असतो, हे व्यापारी सोयीने विसरतात. आमच्या देवणीत तीन रंग चालतात: पांढऱ्या अंगावर वेडेवाकडे काळे ठिपके असतील तर शेवेरा, अंग पांढरे पण तोंडाच्या बाजू काळ्या असतील तर वानेरा, आणि वरून पांढरे पण पोटाखाली काळे ठिपके असतील तर बालंक्या. तिन्ही जातिवंतच. याउलट शेजारच्या लाल कंधारीत सगळे अंग गडद तांबडे लागते, तिथे पांढरा ठिपका दिसला की शंका घेणे रास्त ठरते.

सांगोलेकर
सर्वांचे आभार. आज उजेडात नीट पाहिले. वशिंडाचा उंचवटा हाताला स्पष्ट लागतो आणि डागाच्या कडेचा रंगही फिकटला आहे. व्यापाऱ्याला तीन महिन्यांनी येण्याचा निरोप धाडला आहे.