करवंदाचा जॅम पातळच राहिला, आणि पिशवीत एक अनोळखी फळ पण आलंय

रानभूल
नमस्कार मंडळी. रविवारी करवंदं काढायला गेलो होतो, पिकून पार काळी झालेली, दोघांनी मिळून दीडेक किलो आणली. एकदम पिकलेलीच निवडून घेतली, म्हटलं जॅम गोड होईल. बिया काढता काढता जीव गेला ते सोडा. निम्म्या फळांत तांब्याभर पाणी, गराच्या निम्मी साखर, मंद आचेवर तासभर ठेवलं तरी सरबतच! काय चुकलं? उरलेली फळं फ्रीजमध्ये आहेत.

दुसरं म्हणजे येताना एका झुडपावर बारीक काळी-जांभळी फळं दिसली, मण्यांसारखी, गुच्छात. पक्षी तुटून पडले होते म्हणून मीही मूठभर घेतली. पानं खरखरीत, चुरगळली की उग्र वास. एक चाखलं, किंचित गोड वाटलं. हीपण जॅममध्ये ढकलू का?

पानफूल
जॅमचं नंतर बघू, आधी ती मूठभर फळं बाजूला काढा. वर्णनावरून घाणेरी वाटतेय, टणटणी पण म्हणतात काही जण. खोड चौकोनी आणि एकाच गुच्छात पिवळी-गुलाबी अशी दोन-तीन रंगांची बारीक फुलं होती का? असतील तर तीच. हिची हिरवी फळं विषारी असतात आणि गुच्छात हिरवी-काळी शेजारी शेजारीच असतात, त्यामुळे हिच्या नादी न लागलेलं बरं. एक पिकलेलं चाखलं म्हणून घाबरून जाऊ नका, पण उलटी, पोटात कळ, ग्लानी असलं काही वाटलं तर तडक डॉक्टर, आणि जाताना फांदी सोबत न्या म्हणजे ओळखायला सोपं जाईल.

आणि ते पक्ष्यांचं डोक्यातून काढा हो. पक्षी बी न चावता गिळतात आणि पुढे नेऊन टाकतात, त्यांना पचतं ते आपल्याला पचेलच असं नाही. उलट दुसरं टोक म्हणजे चीक निघाला की विषारी. कच्चं करवंद तोडा, पांढरा चीक निघतो की नाही? तरी आपण खातो. आणि त्याच कुळातली कण्हेर मात्र मुळापासून फुलापर्यंत विषारी. म्हणून सरसकट नियम नाही, एकेक झाड पान, काटा, फूल, फळ सगळं मिळूनच ओळखायचं. करवंदाची पानं समोरासमोर, काटे जोडीने आणि पांढरी वासाची फुलं, ती एकदा नीट बघितली की चूक होत नाही.

बरणीवाली
अहो रानभूल, सगळी पिकलेली घेतलीत तिथेच घोटाळा झाला. जॅम धरतो तो फळातल्या पेक्टिनमुळे आणि ते फळ जसं पिकतं तसं कमी होत जातं. चारातला एक भाग तरी लालसर, आंबट, अर्धवट पिकलेला हवा. त्यात तुमची साखर निम्मीच, पाणी भरपूर आणि आच मंद, म्हणजे पेक्टिन नुसतंच शिजत बसलं, जास्त वेळ शिजलं की तेही मोडतं.

आता बिया हाताने काढू नका, तो छळ कशाला! फळं धुवून बुडापुरत्या पाण्यात मऊ होईपर्यंत शिजवा, चाळणीतून दाबून गाळा, बिया आणि सालं वरच राहतात. एक किलो गराला पाऊण ते एक किलो साखर, साखर विरघळली की आच मोठी, पसरट स्टीलचं पातेलं. अॅल्युमिनियम नको, फळ आंबट आहे. थर्मामीटर असेल तर १०४-१०५ अंशाला उतरवा, नसेल तर फ्रीजरमध्ये बशी थंड करा, थेंब टाका, मिनिटभराने बोटाने सरकवा, सुरकुती पडली की झालं. तुमचं पातळ झालेलं टाकू नका, उरलेल्या फळांच्या गरात मिसळून परत उकळा, थोडं लिंबू पिळा, फक्त साखर सगळ्या गराच्या हिशोबाने पुरी करा.

उकळी
मी मागे असंच कमी साखरेचं सरबत बाटलीत भरून ओट्यावर ठेवलं, आठवड्याने आंबून झाकण उडालं 😄 भिंत अजून जांभळी आहे. पातळ असेल तर फ्रीजमध्येच. आणि जॅमवर बुरशी आली तर वरचं काढून खालचं खायचं नाही, अख्खी बरणी टाकायची.

जॅमचा कंटाळा आला तर फळं धुवून पुसून ताटात एकेक पसरून फ्रीजर, कडक झाली की पिशवीत. गोळा होत नाही.

रानभूल
चौकोनी खोड, पिवळी-गुलाबी फुलं, तीच होती 🙈 टाकली सगळी. पोट ठीक आहे. काल लिंबू पिळून, साखर पुरी करून परत उकळला, तिसऱ्या बशीला सुरकुती पडली. रंग कसला आलाय! फक्त बरणी तीन बोटं रिकामी, कारण चव बघता बघता आम्हीच संपवला.

बरणीवाली
तीन बोटंच? आमच्याकडे अर्धी राहते.