‘टोयोटा आहे, डोळे झाकून घे’ म्हणणाऱ्यांसाठी

घाटमाथा:
काल इथे एकाने साधा प्रश्न विचारला. २०१३ ची फॉर्च्युनर, थ्री लिटर, फोर बाय फोर मॅन्युअल, सांगली पासिंग, दुसरा मालक, २ लाख ३४ हजार किलोमीटर रनिंग, मागणी साडेनऊ लाख. कंपनीतल्या सर्व्हिसच्या नोंदी ९२ हजारांपर्यंत. पुढचं सगळं ‘आमच्या नेहमीच्या मिस्त्रीकडे केलं, बिलं ठेवली नाहीत’. घ्यावी का? खाली एकच जप: टोयोटा आहे, डोळे झाकून घे. पाच लाख किलोमीटर कुठे जात नाही. इंजिन आत्ता कुठे मोकळं झालंय.

वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

रनिंगची मला भीती नाही. खटकतो तो ९२ हजारांनंतरचा काळ. या इंजिनाला चेन नाही, टायमिंग बेल्ट आहे, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा ताल सांभाळणारा पट्टा, आणि तो दीड लाख किलोमीटरला बदलायचा असतो. म्हणजे सगळ्यात महत्त्वाचं काम नेमकं बिनबिलाच्या काळात यायला हवं होतं. एकाने लिहिलंय, ‘बेल्टचा दिवा लागत नाही ना, मग झालं.’ अहो, तो दिवा किलोमीटर मोजून लागतो, बेल्टकडे बघून नाही. बेल्ट न बदलताही तो रीसेट करता येतो. आणि बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात. मग साडेनऊची गाडी कितीला पडली ते मोजत बसा.

पाच लाख पळालेल्या इनोव्हांचे दाखले तर देऊच नका. त्या टूरच्या गाड्या. मालकाचं पोट त्यावर असतं, म्हणून ऑइल वेळच्या वेळी पडतं, आणि गाडी बहुतेक हायवेला एका गतीने जाते. आपल्याकडची पांढरी फॉर्च्युनर कशी वापरतात? साहेब सभेत, गाडी मांडवाबाहेर एसी लावून तासन् तास उभी. मीटर जागचा हलत नाही, इंजिन चालूच. रनिंगचा आकडा खरा असला तरी हे तास त्यात येत नाहीत.

घ्यायचीच असेल तर काहीच काम झालेलं नाही असं धरून भाव करा. बेल्ट, क्लच, टायर. चार इंजेक्टर नवे घालायची वेळ आली तर तेच लाखाच्या वर जातात.

कऱ्हाडी डिझेल:
प्रवचन आवडलं. जुनी गाडी घेतलीये का कधी? मी २००९ ची इनोव्हा घेतली तेव्हा एक चिटोरं नव्हतं सोबत. आज तीन लाख ऐंशी झालेत, पंढरपूर, गाणगापूर, कोकण, सगळं फिरून. नवी फॉर्च्युनर घ्यायला गेलात तर ऑन रोड चाळीसच्या आसपास किंवा वरच. साडेनऊत दोन लाख ओता, साडेअकरा झाले. तेवढ्यात नवं काय येतं? हॅचबॅक उंच करून एसयूव्ही म्हणून गळ्यात मारतात ते.

घाटमाथा:
तुमची चालली, आनंद आहे. दोन लाख ओतायचे हे तुम्हीच कबूल केलंत, मग ते विक्रेत्याने सोडावेत की घेणाऱ्याने भरावेत, एवढाच माझा मुद्दा आहे.

कऱ्हाडी डिझेल:
विक्रेता काय तुमचा जावई आहे?

ठाणेकरीण:
मी तर अजून कडक आहे. गल्लीतल्या मिस्त्रीकडे गेलेली गाडी मी बघायलाही जात नाही. वडिलांच्या गाडीत एका महाभागाने नवं एअर फिल्टर म्हणून जुनंच फिल्टर हवा मारून परत बसवलं आणि पैसे नव्याचे घेतले. कंपनीत निदान प्रत्येक फेरीला रीडिंग नोंदलं जातं. मीटर मागे फिरवला असेल तर तिथे पकडला जातो.

चौदाचा पाना:
गल्लीतला मिस्त्री म्हणजे मीच की ओ ताई. इचलकरंजीत गॅरेज हाय. तुमच्या कंपनीत गाडी खोलतं कोण, कधी बघितलंय काय? तुम्ही काचेच्या आत कॉफी पिताय. आत आयटीआयतनं नुकतं भाईर पडलेलं पोरगं. आणि ॲडव्हायझरला टार्गेट. इंजिन फ्लशिंग करा, एसीचं डिसइन्फेक्शन करा, टेफ्लॉन मारा. माझ्याकडं गिऱ्हाईक समोर खुर्ची टाकून बसतंय आणि जुना पार्ट मी त्याच्या हातात देतो.

ठाणेकरीण:
जुना पार्ट कुणाचा, ते कसं कळायचं? आणि एवढा स्वच्छ कारभार आहे तर बिल का देत नाही?

चौदाचा पाना:
मागतंय कोण? ‘बिल नको, जीएसटी कशाला’ म्हणणारी सगळी शिकलेलीच माणसं. चाळीस लाखांच्या गाडीतनं उतरत्यात आणि ऑइलच्या डब्यावर घासाघीस करत्यात. मग गाडी विकायच्या वेळी मिस्त्रीवर ढकलायचं, त्यानं बिल दिलं न्हाई म्हणून.

मुळशीचा शेर:
हे शंभर टक्के. एका शोरूमने माझ्याकडून ब्रेक पॅडचे पैसे घेतले, चाक खोलल्याची खूणसुद्धा नाही. मी व्हील नटवर खडूने रेघ मारून दिली होती. रेघ जशीच्या तशी. भांडलो तेव्हा ‘सर, इन्स्पेक्शन चार्ज होता’.

ठाणेकरीण:
म्हणजे एक चोर निघाला म्हणून दुसरा साव?

चौदाचा पाना:
चोर कुणाला म्हणताय? तोंड सांभाळून बोला. वीस वर्षं हात काळं करतोय, अजून कुणाचं एक रुपयाचं खाल्लेलं न्हाई.

ठाणेकरीण:
तुम्हाला नाही म्हटलं. पण टोपी बसली असेल तर असू द्या.

घाटमाथा:
दोघंही थांबा. पाना, तुमच्याकडे काही लिहिलेलं असतं की नाही? बिल नसेना का.

चौदाचा पाना:
वही हाय. गाडी नंबर, किलोमीटर, काय घातलं, उधारी किती. बऱ्याच मिस्त्र्यांकडं असती. उधारीसाठी ठेवावीच लागती.

घाटमाथा:
मग प्रश्नकर्त्याने त्या मिस्त्रीचा नंबर मागावा आणि वही बघावी. चाळीस उत्तरांत एकाला सुचलं नाही.

ठाणेकरीण:
उधारीची वही हा आता सर्व्हिस रेकॉर्ड. छान. पण काहीच नसण्यापेक्षा बरं, हे मान्य करावं लागतंय.

नदीकाठचा:
बेल्ट-बेल्ट काय चाललंय? सांगली पासिंग म्हणाले ना? ऑगस्ट २०१९ मध्ये ही गाडी कुठे उभी होती ते आधी विचारा. तेव्हा आमच्या कॉलनीत गाड्यांची नुसती टपं दिसत होती. त्यातल्या कितीतरी धुऊन, सीट कव्हर बदलून लांबच्या गिऱ्हाइकाला गेल्या. सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढा, शेवटच्या वीतभरात गाळाची रेघ सापडते. कार्पेट उचला, सीटखालचे बोल्ट बघा.

मिरज जंक्शन:
झालं, आता आमच्या जिल्ह्यातली प्रत्येक गाडी पुरातली. अर्धा जिल्हा दुष्काळी आहे हो. जतला या एकदा, टँकरच्या रांगेत उभं राहा.

नदीकाठचा:
विचारायला सांगितलं, शिक्का मारला नाही.

मुळशीचा शेर:
सोपं आहे. विम्याच्या कागदावर नो क्लेम बोनस बघा, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट. शून्य असेल तर मोठा क्लेम झालाय, विषय संपला.

हप्तेवाला:
विषय संपला नाही. नो क्लेम बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही. दुसऱ्या मालकाने घेतली तेव्हा तो शून्यापासूनच सुरू झाला असणार. पाच वर्षं क्लेम नसेल तर पन्नास टक्क्यांवर पोचतो. तेव्हा याने कधी घेतली ते आरसीवर बघा आणि मग ताळा करा. आणि फास्टॅगचं स्टेटमेंट मागा. किती टोल, कुठले, त्यावरून रनिंगचा अंदाज येतो.

कऱ्हाडी डिझेल:
एवढी चौकशी लोक मुलगी देताना करत नाहीत. त्यापेक्षा दिल्लीची आणा, कमी पळालेली, दीड-दोन लाख स्वस्त.

हप्तेवाला:
स्वस्त का, ते माहीत आहे ना? दहा वर्षांवरच्या डिझेलवर हरित लवादाने २०१५ मध्येच तिथे बंदी घातली, तेव्हापासून तिथला माणूस मिळेल त्या भावात काढत आला. इकडे आणल्यावर एनओसी, इथला रोड टॅक्स, आरटीओच्या फेऱ्या. शिवाय २०१३ ची गाडी कुठलीही घ्या, २०२८ ला आरसीची पंधरा वर्षं संपतात. नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ पासून पाच हजार, पर्यावरण कर वेगळा. हे साडेनऊमध्ये कुणी धरलंय का?

घाटमाथा:
मी धरलं नव्हतं, विक्रेत्याने तर नाहीच.

प्रश्नकर्ता:
मीच तो. गाडी दुसऱ्याच्या घरी उभी आणि भांडण इथे, मजा आहे. वडिलांना गावाकडे उंच गाडी हवी, बायको म्हणते एर्टिगा घे आणि गप्प बस. आज विक्रेत्याशी बोललो. फास्टॅगचं विचारलं तर ‘तुम्ही गाडी घेताय की चौकशी लावताय?’ मिस्त्रीचा नंबर मात्र दिला. मिस्त्री म्हणाला, बेल्ट ‘वॉटर पंपाच्या वेळी बदलला असणार’. वही आहे म्हणाला, पण त्या सालची सापडत नाही. २०१९ ला गाडी पुण्यात होती असं विक्रेत्याचं म्हणणं. आठ वीसपर्यंत खाली आलाय.

कऱ्हाडी डिझेल:
आठ वीस? घे राव. उद्या दुसरा घेईल.

घाटमाथा:
‘असणार’ म्हणजे नाही. आठच्या आत आला तर बघ, आणि बेल्टचे पैसे पहिल्याच दिवशी बाजूला काढ.

नदीकाठचा:
पुण्यात होती तर पुण्यातली एखादी पावती असेलच. पंक्चरची चालेल.

चौदाचा पाना:
इचलकरंजी लांब न्हाई तुम्हाला. रविवारी घेऊन या. मालकाला आधी सांगू नका, न्हाईतर सकाळी तास-दोन तास चालवून गरम करून ठेवंल. थंड इंजिन पायजे. पैल्या स्टार्टला धूर बघतो, ऑइलचं झाकण काढून आतनं किती फुंकतंय ते बघतो, बेल्टचं वरचं कव्हर खोलतो. दीड लाखाच्या वर पळालेला पट्टा आणि नवा पट्टा यातला फरक मला कळतोय. नदीकाठच्या दादांचं सीट बेल्टचंबी बघू.

ठाणेकरीण:
आणि तपासणीचं बिल देणार का?

चौदाचा पाना:
देतो की. जीएसटी तुम्ही पाठवा.