मॉडेलच्या भिंती वाकतात, न वाकणारा बोर्ड कोणता? (तातडीने)

चौसोपी: वाड्याचं मॉडेल करतेय. भिंती रात्री सरळ ठेवल्या तरी सकाळी मधोमध आत पोट काढून बसलेल्या असतात. न वाकणारा बोर्ड कोणता आणि पुण्यात कुठे मिळेल, एवढंच सांगा. सोमवारी द्यायचंय. 'थ्रीडी प्रिंट करा' नको.

पेठकर: अप्पा बळवंत चौकात जा, सगळं मिळतं.

लाकूडतोड्या: आत्ता कशाचं केलंय? स्केल? लांबी? नाडी न दाखवता औषध मागताय.

चौसोपी: माउंट बोर्ड, म्हणजे जाड पुठ्ठा, अजून कशाचं असणार! १:५०, मोठी भिंत ४० सेंमी.

लाकूडतोड्या: म्हणजे खरी २० मीटर. एकट्या माउंट बोर्डाला झेपायची नाही. ३ मिमी एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबलेला बोर्ड), लेझरवाल्याकडून कापून घ्या.

फोमप्रेमी: एमडीएफ? पुण्याच्या जुलैत? कडा पाणी पितात आणि फुगतात. ५ मिमी सनबोर्ड घ्या. पीव्हीसी आहे, ओल लागत नाही, साध्या कटरने कापतो.

लाकूडतोड्या: आणि मे महिन्यात गाडीत राहिला की मऊ पडतो. एमडीएफच्या कडांना सीलरचे दोन हात मारले की काही होत नाही.

शनिवारकर: आमचा दिवाळीचा किल्ला विटा, पोती आणि मातीचा. कधी वाकला नाही :)

जुनंखोड: बोर्डावरून नंतर भांडा. ताई, चिकटवता कशाने? आतून काही लावलंय का?

चौसोपी: फेव्हिकॉल. बाहेरून विटांचा छापील कागद आहे. आतून कशाला? दिसतंय कुणाला?

जुनंखोड: मग बोर्ड बिचारा काय करणार! कागद गोंदाच्या पाण्याने फुगतो, वाळताना आकसतो आणि भिंतीच्या कडा आपल्याकडे ओढतो. म्हणून पोट आत जातं. आतूनही तेवढ्याच जाडीचा कागद त्याच बैठकीत लावा आणि पूर्ण वाळेपर्यंत प्लायखाली दाबून ठेवा. शिवाय दर ७-८ सेंमीवर आतून उभी पट्टी, आणि माडीची जमीन खरोखर घाला. तीच भिंतींना धरून ठेवते. एका बाजूने ओला कागद लावलात तर पातळ एमडीएफही वाकेल.

पेठकर: वाडा कुठल्या पेठेतला? पुनर्विकासाला गेला असेल तर चटईक्षेत्राचं आधी लेखी घ्या.

शनिवारकर: कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम बघून या.

चौसोपी: शाळेत असताना बघितलंय. तिथे इमारती उलट्या करून कोण बघू देणार? वाड्याचं नंतर बोलू. @जुनंखोड, कागद परत लावायला वेळ नाही. पाणी नसलेला गोंद सांगा.

जुनंखोड: फेव्हिकॉल एसआर. दोन्ही पृष्ठभागांना पातळ हात, बोटाला चिकटेनासा झाला की मगच जोडा. एकदा बसला की सरकवता येत नाही, त्यामुळे कडेला खूण करून ठेवा. खिडकी उघडी ठेवा, वास डोक्यात जातो. आणि आत कुठे थर्मोकोल असेल तर त्याला लावू नका, विरघळतं.

फोमप्रेमी: तरी सनबोर्डच घ्या.