संभाजी तलाव: जलपर्णी ओढत राहायची की आधी नाला अडवायचा?

काठावरचा (धागाकर्ता)
सोलापुरात विजापूर रोडच्या संभाजी तलावातली जलपर्णी ओढायची श्रमदानं थांबवावीत, असं माझं स्पष्ट मत आहे. सांडपाण्यातलं नत्र आणि स्फुरद हेच तिचं खत. ते मिळत राहिलं की उन्हाळ्यात ती पंधरवड्यात दुप्पट होते. ९० टक्के काढली तरी उरलेल्या १० टक्क्यांतून ५० दिवसांत तळं पुन्हा झाकतं. बी तर गाळात पंधरा-वीस वर्षं तग धरतं.

तेवढीच माणसं तळ्यात सांडपाणी आणणाऱ्या नाल्याकाठी चालवा. वैशाखात वळीव झालेला नसेल तर नाल्यात वाहतं ते सांडपाणीच. पाइप जिथे पडतो तिथे २० लिटरची बादली धरा. ४ सेकंदांत भरली तर सेकंदाला ५ लिटर, म्हणजे त्याच वेगाने दिवसाला ४ लाख ३२ हजार लिटर. आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येतं, त्यामुळे पाण्याचा दिवस आणि कोरडा दिवस असं दोन्ही वेळा मोजा. एकाच दिवसाचा आकडा फसवतो. असा तक्ता हातात असला की 'सांडपाणी येतच नाही' हे उत्तर कुणाला देता येत नाही.

तळ्याचा गाळ
पूर्ण असहमत. नाला वळवायला निविदा, निधी, पंपिंग यात वर्षं जातात. तोवर झाकलेल्या पाण्यात ऊन-वारा पोचत नाही, प्राणवायू उतरतो आणि पहाटे मासे मरतात. शिवाय जलपर्णी बाहेर काढली की तिने शोषलेलं नत्र-स्फुरदही बाहेर जातं.

चुकतं ते वेगळंच. ढीग काठावरच टाकतात; पहिल्या पावसात रस, तुकडे, बी सगळं परत पाण्यात. वजनात नव्वद टक्क्यांच्या वर पाणीच असतं, म्हणून पाण्याच्या रेषेपासून लांब दोन-तीन दिवस वाळवा आणि मगच ट्रॉली भरा, फेऱ्या कितीतरी कमी होतात. जांभळी फुलं यायच्या आत काढा. वाऱ्याने ती ज्या काठाला गोळा होते तिथूनच ओढा आणि मोकळ्या भागापुढे बांबू-जाळीचा तरंगता अडसर बांधा. तणनाशक मात्र कुणी सुचवू नका. मेलेली पानं तळाशी कुजतात आणि उरलासुरला प्राणवायू खातात.

पूर्वभाग
दोघेही विजापूर रोडवरून बोलताय. शहराबाहेर कुंभारीला कामगारांच्या घरांची रे नगर वसाहत आहे, तिथे जानेवारी २०२४ मध्ये १५ हजार घरांचा ताबा दिला गेला, योजना ३० हजारांची. तिथल्या बिडी कामगार बाईला माल द्यायला, विडीची पानं आणि तंबाखू आणायला शहराकडे यावं लागतं. २०२३ पासूनची अर्ध्या तिकिटाची सवलत एसटीची. शेअर रिक्षाला ती नाही. तिने रविवारी सकाळी सहाला तुमच्या तळ्यावर कशात बसून यायचं?

नाला तिच्याही वाटेत आहे. रस्त्याखालच्या नळीच्या मोरीत पिशव्या, थर्माकोल, चिंध्या अडकल्या की पाणी रस्त्यावरून वाहतं. आधी बस बंद होते, मग रिक्षावाला भाडं वाढवतो. त्यामुळे मृगाच्या आधी बस जाते त्या रस्त्यांवरच्या मोऱ्या मोकळ्या करा. काम तिच्या वस्तीजवळ ठेवा, बायका येतील.

काठावरचा
वस्तीजवळ काम ठेवायचं, हे मान्य. पण नुसती मोरी उपसून दोन पावसांत पुन्हा तेच. वरच्या अंगाला तिरपी लोखंडी जाळी हवी.

पूर्वभाग
जाळी बसवाल, पण प्रत्येक सरीनंतर ती कोण साफ करणार? नाही केली तर जाळीच बांध होते आणि पाणी घरात शिरतं. हे काम स्वयंसेवकांवर सोडू नका, मजुरी देऊन वस्तीतल्याच दोघांना नेमा. काढलेला कचरा त्याच दिवशी घंटागाडीत गेला पाहिजे, काठावर राहिला तर पुढच्या सरीत परत मोरीत.

तळ्याचा गाळ
मजुरीचं पटलं. तळ्यावरचं काम थांबवणं अजूनही पटत नाही.

पूर्वभाग
मग नाल्याच्या तक्त्याला बसचा रकानाही जोडा. थांब्यावर दोघांनी सकाळी ६ ते ९ बसून प्रत्येक बसची वेळ, मागच्या बसपासूनची मिनिटं आणि जागा नसल्याने खाली राहिलेली माणसं लिहायची. कोरड्या आठवड्यात एकदा, पावसाच्या आठवड्यात एकदा. दोन्हींतला फरक घेऊन परिवहनकडे आणि नालेसफाईवाल्यांकडे एकाच दिवशी जाऊ.