स्कूटीवरून गिअरच्या गाडीवर यायचंय, वय ४२. नीट शिकायचं कुठे आणि लायसनचं काय?

नीराकाठची_ताई:
नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितेय, जरा मोठं होईल. मी भोर तालुक्यात बचत गटांचं काम बघते, प्रभाग समन्वयक आहे, म्हणजे आठवड्यातले पाच दिवस नीरा देवघर धरणाच्या कडेकडेने वाड्यावस्त्यांवर जाणं आलंच. आत्तापर्यंत स्कूटीवर जात होते. लायसन २०११ चं आहे पण ते फक्त विनागिअरचं. गेल्या पावसाळ्यात दोनदा स्कूटीचं छोटं चाक खड्ड्यात बसून पडता पडता वाचले, आणि इकडे दिरांची २०१६ ची स्प्लेंडर घरी नुसती उभी आहे कारण ते मुंबईला असतात. म्हणून ठरवलं की गिअरची गाडी शिकायचीच.

अडचण अशी की शिकवणार कोण. मिस्टरांनी दोन रविवार शाळेच्या ग्राउंडवर शिकवलं, ते मागे बसतात आणि क्लच सोड क्लच सोड म्हणतात, मी सोडला की गाडी उडी मारून बंद. दुसऱ्या रविवारी मध्येच कुत्रं आडवं आलं, मी घाबरून डावा हात गच्च आवळला आणि गाडी थांबायच्या ऐवजी मोकळी सुटल्यासारखी पुढे गेली, थेट कुंपणाच्या तारेला जाऊन टेकली. लागलं काही नाही पण त्या रात्री झोप लागली नाही, सारखं वाटत होतं तिथे तार नसून घाटाचा कठडा असता तर.

एका मोटर ट्रेनिंग स्कूलमध्ये जाऊन आले. कार शिकवतो, स्कूटी शिकवतो, बाईक नाही शिकवत म्हणाले. वर असंही म्हणाले की ताई शिकायचं कशाला, लायसन आम्ही काढून देतो, तुम्ही फक्त फोटोपुरतं या. मला तसं लायसन नकोय हो. माझ्या मागे पुष्कळदा गटातली एखादी बाई बसलेली असते, कधी तिचं लेकरूही असतं.

तर बाईकचा रीतसर कोर्स असतो का? लायसन परत पहिल्यापासून काढायचं का? आणि उंची पाच फूट एक, या वयात जमेल ना?

वाईचा_गॅरेजवाला:
ताई, आधी त्या कुत्र्याच्या प्रसंगाबद्दल बोलतो, कारण तुमची चूक काय झाली ते तिथेच कळतं आणि ती स्कूटीवरून येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची होते. स्कूटीला डाव्या हातात मागचा ब्रेक असतो. पंधरा वर्षं तुमच्या हाताला सवय की घाबरलं की डावा दाबायचा. बाईकला त्याच जागी क्लच आहे. तो दाबला की इंजिन चाकापासून सुटतं, म्हणजे इंजिनाचा जो थोडाफार अडसर होता तोही गेला, गाडी मोकळी पळणारच. हात तोच, काम वेगळं. ही सवय मोडेपर्यंत रस्त्यावर जाऊ नका, एवढं माझं ऐका.

मोडायची कशी ते सांगतो. गाडी मेन स्टँडवर, इंजिन बंद, तुम्ही वर बसा. घरातल्या कुणालातरी समोर उभं करा आणि मध्येच टाळी वाजवायला सांगा. टाळी वाजली की उजव्या हाताने पुढचा ब्रेक आणि उजव्या पायाने मागचा, दोन्ही एकदम, आणि डावा हात त्यांच्या मागोमाग, अगदी शेवटी. रोज पन्नास वेळा. वेड्यासारखं वाटेल पण आठ-दहा दिवसांत पाय आपोआप जातो.

आता क्लच. मिस्टरांना मागे बसवू नका सध्या. सपाट जागी पहिला गिअर टाका, अ‍ॅक्सिलरेटरला हात लावायचा नाही, क्लच अगदी हळू सोडत जा. एका ठिकाणी इंजिनाचा आवाज जड होतो आणि गाडी पुढे ओढ घेते, तिथेच बोटं थांबवा. गाडी दोन पावलं सरकली की परत दाबा. परत सोडा. पहिला तास नुसतं हेच करा, दुसरा गिअरसुद्धा नको. गाडी बंद का पडते, तर ती ओढ लागल्यावर तुम्ही घाबरून उरलेला क्लच एकदम सोडता.

अजून एक. स्प्लेंडरचे चारही गिअर पुढे दाबून पडतात आणि टाचेने मागे दाबलं की कमी होतात. दुसऱ्या बहुतेक गाड्यांना पहिला खाली आणि बाकीचे वर. म्हणून टेस्टला कुणाची तरी दुसरी गाडी घेऊन जाऊ नका, आपलीच न्या. उंचीची काळजी करू नका, सीट ७८५ मिलिमीटर आहे आणि वजन ११२ किलोच्या आसपास, तुमच्या स्कूटीपेक्षा फार जड नाही. एक पाय नीट टेकला तरी पुरे, थांबताना डावा टेकवा म्हणजे उजवा ब्रेकवर राहतो.

मोहोळकर_पुणे:
एवढं काय करताय ताई, गावाकडं कोण विचारतंय लायसन. दहा दिवस चालवा शेताच्या रस्त्यानं, हात बसंल.

कागदपत्रं_आधी:
वरच्या दादांना आदराने सांगते, असं सांगू नका कुणाला. माझ्या मामेभावाचा अपघात झाला तेव्हा चूक समोरच्याची होती तरी याच्याकडे गिअरचं लायसन नव्हतं म्हणून इन्शुरन्सच्या कामात दोन वर्षं घरच्यांचे हाल झाले. आणि लायसन नसताना चालवलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंडच ५००० आहे, गाडी देणाऱ्याला वेगळा.

ताई, तुमचं जुनं लायसन रद्द होत नाही, त्यात गिअरचा वर्ग वाढवून घ्यायचा. सारथी पोर्टलवर, म्हणजे लायसनच्या सरकारी वेबसाईटवर, जाऊन महाराष्ट्र निवडा, तिथे एमसीडब्ल्यूजी असं दिसेल, म्हणजे गिअरची मोटारसायकल. त्यासाठी आधी त्या वर्गाचं लर्निंग लायसन लागतं, ते ६ महिने चालतं, आणि ते मिळाल्यापासून ३० दिवस झाल्याशिवाय पक्क्याची टेस्ट देता येत नाही. तुमचं वय चाळीसच्या वर आहे म्हणून डॉक्टरचा फॉर्म १अ लागेल, एमबीबीएस डॉक्टरकडूनच घ्या, आधी फोन करून विचारा की ते फॉर्म ऑनलाईन चढवतात का, नाहीतर दोन फेऱ्या होतात.

लर्निंगवर असताना पुढे-मागे लाल रंगात एल लावायचा, पांढऱ्या पाटीवर. मागे बसणारा फक्त पक्कं लायसन असलेला शिकवणाराच चालतो, म्हणजे मिस्टर चालतील पण गटातली बाई नाही. टेस्टच्या दिवशी आरसी, इन्शुरन्स, पीयूसी तिन्ही चालू असायला हवेत, तुमच्या दिरांची गाडी उभी आहे म्हणताय तर इन्शुरन्स आजच बघा. नापास झालात तर घाबरायचं काही नाही, ७ दिवसांनी परत देता येते. तीनदा नापास झालं तर मात्र ६० दिवस थांबावं लागतं.

सातारा_ते_स्पिती:
ताई मी तुमच्याच वाटेने आले, ३८ व्या वर्षी, स्कूटीवरून. आपल्याकडे बाईक शिकणं सक्तीचं नाही, टेस्टला बहुतेक ठिकाणी आठचा आकडा काढून दाखवायचा, पाय न टेकवता, हाताचे इशारे विचारतात, झालं. आठ मला चौथ्या दिवशी आला. पण तो पहिल्या गिअरमध्ये, चालत्या माणसाच्या स्पीडने. रस्त्यावर ४० ने गेलं तर गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते आणि तिथे आठ कामाला येत नाही, ब्रेक येतो. लायसन हातात आल्यावर मी पुण्यात खाजगी रायडिंग ट्रेनिंगचा एक दिवसाचा कोर्स केला. ट्रेनरने सकाळचे तीन तास आम्हाला फक्त थांबायला शिकवलं. तेव्हा मला कळलं की मी लायसन मिळाल्यानंतरचे पाच महिने ब्रेक न येताच चालवत होते. अजून आठवलं की काटा येतो.

तुमच्याकडे तसा ट्रेनर नसेल तर ग्राउंडवर स्वतः करा. चुन्याची एक रेघ मारा. दुसऱ्या गिअरमध्ये २५ च्या स्पीडने या, रेघेवर ब्रेक सुरू करा, थांबल्यावर रेघेपासून किती पावलं ते मोजा. पुढचा ब्रेक झटक्याने दाबायचा नाही, लिंबू पिळतो तसा, आधी हलका मग वाढवत. ब्रेक लागला की वजन पुढच्या चाकावर येतं, ते आल्यावर चाक जमीन घट्ट धरतं, मग जोर वाढवायचा. घरचे सांगतात पुढचा ब्रेक लावू नकोस उलटी होशील, ते ऐकू नका, थांबवण्याचं जास्त काम तोच करतो. फक्त हँडल वळलेलं असताना आणि खडीवर नाही, तिथे आधी गाडी सरळ करायची.

आणि नजर. खड्ड्याकडे बघितलं की गाडी खड्ड्यातच जाते. वळणावर हनुवटीसकट मान फिरवून वळणाच्या शेवटाकडे बघा. आठ काढतानाही हेच, पुढच्या चाकाकडे बघणारे सगळे पाय टेकवतात.

हेल्मेट आयएसआय मार्कचं, आयएस ४१५१ लिहिलेलं. घातल्यावर पट्टा लावून मागून वर ढकलून बघा, निघालं तर साईज मोठी आहे.

लीड्सकर:
इथे इंग्लंडमध्ये आठ वर्षं आहे, मूळ सांगलीचा. भारतातल्या लायसनवर इथे १२ महिने चालवता येतं, मग सगळं पहिल्यापासून. मी कॉलेजपासून बाईक चालवणारा, वाटलं आपल्याला काय शिकवणार. इथे १९९० पासून सीबीटी म्हणून सक्तीचं ट्रेनिंग आहे, ते केल्याशिवाय एल लावूनसुद्धा रस्त्यावर जाता येत नाही, आणि तेही फक्त १२५ सीसीपर्यंत. आधी बंद जागेत, मग ट्रेनर मागून दुसऱ्या गाडीवर, कानात रेडिओ. दोन वर्षांत पुढच्या टेस्ट पास झालो नाही तर ते परत करायचं. त्यानंतर थिअरी, ५० पैकी ४३ लागतात, आणि मग दोन वेगळ्या प्रॅक्टिकल. पहिल्या प्रॅक्टिकलमध्ये ताशी ५० किलोमीटरच्या स्पीडला अचानक थांबवून दाखवायचं, आणि तेवढ्याच स्पीडला अडथळा चुकवून दाखवायचा. मी पहिल्यांदा नापास झालो, मागचं चाक लॉक केलं.

पण मला सगळ्यात उपयोगी पडलं ते खांद्यावरून मागे बघणं. वळायच्या आधी, निघायच्या आधी, आरशात दिसत नाही तो कोपरा मान वळवून बघायचा. याला इथे लाईफसेव्हर म्हणतात. पहिल्या दिवशी ट्रेनर दर दोन मिनिटांनी कानात तेवढा एकच शब्द बोलत होता. सुट्टीला सांगलीला आलो की आता मी तसाच चालवतो, एकदा विश्रामबागजवळ उजवीकडे वळताना मान वळवली तर अगदी चिकटून एक पोरगा ट्रिपल सीट येत होता, आरशात तो नव्हताच. ताई, ग्राउंडवर वळताना प्रत्येक वेळी मान वळवायची सवय आत्ताच लावा, नंतर लागत नाही.

वाईचा_गॅरेजवाला:
घाटाचं राहिलं. उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडू नका, क्लच दाबून तर अजिबात नाही. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये राहा, इंजिनच गाडी धरून ठेवतं. ड्रम ब्रेक आहेत, सलग दाबून ठेवले की तापतात आणि मग लागत नाहीत. वरंध घाटाकडे तर सहा महिने तरी जाऊ नका, पावसाळ्यात तर नाहीच.

नीराकाठची_ताई:
सगळ्यांचे मनापासून आभार. बारा दिवसांनी लिहितेय. टाळीचं काम मुलीकडे दिलं, ती अभ्यास करता करता मध्येच वाजवते, आता डावा हात मागे राहतो. काल ग्राउंडवर चुन्याची रेघ मारली. पहिल्यांदा रेघेपासून १४ पावलं लागली, मुळात मी पुढचा ब्रेक धरतच नव्हते, बोटं लावून नुसती ठेवत होते. लिंबासारखं करायला लागल्यावर संध्याकाळपर्यंत ९ पावलांवर आले. एकदा मागचं चाक सरकलं, पाय सैल केला तशी परत सरळ झाली. मिस्टर बांधावर बसून पावलं मोजत होते, ओरडले नाहीत.

इन्शुरन्स मार्चमध्येच संपला होता, तो भरला. फॉर्म १अ झाला, लर्निंगचं आज भरते. एकच विचारायचंय, पुढचा ब्रेक पार हँडलला टेकेपर्यंत येतो तेव्हा लागतो, माझी बोटं आखूड आहेत म्हणून की काही सैल आहे?

वाईचा_गॅरेजवाला:
बोटांचं काही नाही ताई, वायर सैल आहे. पुढच्या चाकाजवळ ड्रमच्या पत्तीला वायर जिथे येते तिथे नट आहे, तो आवळा, ब्रेक निम्म्या वाटेत लागला पाहिजे. मग चाक उचलून हाताने फिरवून बघा, घासत असेल तर अर्धा फेरा परत सैल करा. आणि नट आवळूनही फरक पडला नाही तर लायनर, म्हणजे ब्रेकच्या आतलं घासणारं अस्तर, संपलेत, ते बदलल्याशिवाय रेघेची प्रॅक्टिस करू नका.